घंटाघर आहे का बघ

तुमच्या आजोबांचा फोटो असो, आत्याच्या लग्नाचा असो, नाहीतर कुणी 'सुप्रभात'च्या पाठोपाठ ग्रुपवर टाकलेला जुन्या दिल्लीचा असो, काकांचा पहिला प्रश्न ठरलेला. "घंटाघर आहे का बघ." आत्याचं लग्न अमरावतीला झालं, तिथे दिल्लीचं घंटाघर कुठून येणार, एवढं सांगून सुटका होत नाही. "बरं, ट्राम? तीही नाही? हत्ती?" तिन्ही नाहीत म्हटल्यावर काका चष्मा कपाळावर चढवतात आणि फोटो परत देतात. असा बिनकामाचा फोटो माणसं काढतातच कशाला, हे त्यांच्या तोंडावर स्वच्छ लिहिलेलं असतं.

काका नात्याने माझे कुणी नव्हेत. मुनिरक्याच्या डीडीए फ्लॅटमध्ये राहणाऱ्या कुठल्याही निवृत्त मराठी माणसाला जेएनयूतली मराठी पोरं काका म्हणतात आणि त्या मोबदल्यात रविवारचा वरण-भात मिळवतात. मी राहायची पलीकडे, मुनिरका गावात. गाव म्हणजे नावापुरतं. टोकस आडनावाच्या जाटांचं हे जुनं खेडं. त्याची शेतं आर. के. पुरम आणि जेएनयूने खाल्ली, आणि उरलेल्या लाल डोऱ्यातल्या गावठाणावर चार-पाच मजल्यांच्या इमारती अशा उगवल्या की समोरच्या खोलीतल्या मणिपुरी मुलीकडून मी खिडकीतूनच मीठ मागून घ्यायची. ऊन गल्लीत दुपारी बारा ते सव्वाबारा येतं. काकांचा फ्लॅट मात्र तिसऱ्या मजल्यावर, हवेशीर, आणि त्यातली सर्वांत हवेशीर खोली पुठ्ठ्याच्या खोक्यांना दिलेली. खोक्यांत फोटो, आणि सगळे फोटो एकाच रस्त्याचे. लाल किल्ल्यासमोरून निघून फतेहपुरी मशिदीला जाऊन थांबणारा, जेमतेम सव्वा-दीड किलोमीटरचा चांदणी चौक.

काका मूळचे पुण्याचे, भर पेठेतले. मग लक्ष्मी रोड सोडून हा रस्ता का धरला, असं मी एकदा विचारलं. ते गंभीर झाले. "लक्ष्मी रोडच्या फोटोखाली मी एक साल लिहिलं, तर संध्याकाळपर्यंत चाळीस माणसं येऊन ते खोडतील. त्यातली तीस माझ्या नात्यातली." दिल्लीच्या मराठी मंडळींत चांदणी चौकाबद्दल कुणी त्यांना आव्हान देत नाही. तिथे लोक लग्नाच्या खरेदीला जातात, दमून परत येतात, आणि रस्त्यावर काय बघितलं म्हणाल तर लेहंगा.

काकांची पद्धत शास्त्रशुद्ध आहे. एक जाड रजिस्टर आहे, सरकारी कचेरीतल्या सवयीने रकाने आखलेलं. घंटाघर, ट्राम, मधली झाडं, तारेचे खांब, हत्ती, आणि शेवटी 'शेरा'. शहाजहानच्या मुलीने, जहाँआराने, १६५० मध्ये हा बाजार आखला तेव्हा मधून कालवा वाहायचा आणि अर्ध्या वाटेवरच्या चौकात हौद होता. त्यात चांदणं उतरायचं म्हणून हे नाव, असं सगळेच सांगतात. "सगळे सांगतात, पण फोटो आहे का?" हा काकांचा सवाल. फोटो नसल्यामुळे १६५० पासूनची दोनशे वर्षं त्यांच्या हिशेबी फक्त तोंडी आहेत. खरा काळ सुरू होतो तो १८५७ नंतर. जहाँआराची सराई पाडून तिथे १८६० च्या दशकात टाउन हॉल आला, हौदाच्या जागी १८७० च्या सुमारास घंटाघर उभं राहिलं. म्हणजे फोटोत टाउन हॉल आहे आणि घंटाघर नाही, तर तुम्ही एका अरुंद फटीत सापडलात. अशा फटीतला फोटो मिळाला की काकांची भूक मरते. ट्राम दिसली तर १९०८ ते १९६३. दोन्ही असतील तर घंटाघर किती शाबूत आहे ते भिंगातून बघायचं, कारण १९५० नंतर लवकरच त्याचा वरचा भाग खाली आला, माणसं मेली, आणि पुढे उरलेलं धूडही काढून टाकलं.

हत्तीचा रकाना हा त्यांचा खास अभिमान. व्हाइसरॉय कर्झनची दरबाराची मिरवणूक २९ डिसेंबर १९०२ ची, हत्तीवरून. पंचम जॉर्ज ७ डिसेंबर १९११ ला आला तो घोड्यावर, आणि घोड्यावरचा राजा इतर साहेबांच्या घोळक्यात कुणाला ओळखूच आला नाही. लोक हत्तीची वाट बघत उभे राहिले आणि राजा पुढून निघून गेला. पुढच्या वर्षी व्हाइसरॉय हार्डिंग पुन्हा हत्तीवर बसला, तर २३ डिसेंबर १९१२ ला याच रस्त्यावर वरून बाँब पडला. हार्डिंग जखमी झाला आणि मागे छत्री धरून बसलेला माणूस मेला. "म्हणजे बघ," काका बोटं मोडून सांगतात, "हत्ती, घोडा, हत्ती. इतकं सोपं आहे." हार्डिंगचं काय झालं यापेक्षा तो हत्तीवर बसला याचंच त्यांना समाधान. तोही घोड्यावर आला असता तर दोन वर्षांच्या फोटोंची सरमिसळ झाली असती.

हे ज्ञान त्यांनी बाजारात वटवलेलंही आहे. दरियागंजची रविवारची जुन्या पुस्तकांची बाजारपेठ फूटपाथवर भरायची तेव्हाची गोष्ट. २०१९ मध्ये ती उठवून महिला हाटात नेली. एका विक्रेत्याकडे एक पोस्टकार्ड होतं. मागे पेन्सिलीने १८८० लिहिलेलं आणि पुढे ट्रामचे रूळ. काका म्हणाले, हे १९०८ च्या आधीचं असूच शकत नाही, तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे पैसे कमी कर. विक्रेता म्हणाला, "बाबूजी, साल आपका सही, फोटो तो वही है।" या तर्कावर काका अर्धा तास उभे राहून बोलले. शेवटी त्याने कंटाळून कार्ड निम्म्या किमतीत दिलं, आणि काका निघाल्यावर पेटीतल्या उरलेल्या कार्डांवरची पेन्सिल खोडरबराने पुसायला घेतली.

बाजारात ठीक आहे. ही विद्या घराघरांत शिरली की कहर होतो. एका बारशाला यजमानीणबाईंनी आपला लग्नाचा फोटो कौतुकाने दाखवला. काकांनी दाराशी उभी असलेली मोटार बघितली, मोटारीची जाळी बघितली, आणि भर पंगतीत बाईंच्या लग्नाला सहा वर्षं जोडून दिली. मग त्या सहा वर्षांत त्यांच्या थोरल्या मुलाचं वयही आलं, आणि तो मुलगा तिथेच स्वतःचं स्थळ बघायला आलेल्या मंडळींशेजारी बसला होता. काकू तेव्हापासून कुठे जाताना काकांच्या खिशातलं भिंग आधी काढून घेतात.

खरी शर्थ झाली ती २०२५ च्या फेब्रुवारीत. अठ्ठ्याण्णवावं साहित्य संमेलन तालकटोरा स्टेडियममध्ये भरलं. दिल्लीत याआधी १९५४ मध्ये, लक्ष्मणशास्त्री जोशींच्या अध्यक्षतेखाली झालेलं, त्यामुळे सगळ्यांच्या घरी सत्तर वर्षांपूर्वीच्या आठवणींचं उत्खनन सुरू होतं. एका कुटुंबाने त्यांच्या आजोबांचा फोटो आणला. आजोबा संमेलनाला दिल्लीला आले होते, आणि हे ते चांदणी चौकात, कोट, काळी टोपी, पाठीमागे रस्ता. काकांनी फोटो घेतला. घंटाघर होतं. कळसापर्यंत धडधाकट.

"हे चोपन्नचं नाही," काका म्हणाले. "चोपन्नला याचं डोकं उडालेलं होतं."

"काय सांगता! आजोबा दिल्लीला एकदाच आले होते."

"मग ते चोपन्नच्या आधी आले होते."

नातू आणि नात एकमेकांकडे बघू लागले. मग नात हळूच म्हणाली, "आजीला ते संमेलनाला म्हणूनच सांगून गेले होते." तालकटोऱ्याच्या त्या गर्दीत, जिथे १७३७ मध्ये पहिल्या बाजीरावाच्या फौजेने मोगलांना पळता भुई थोडी केली, तिथेच एका मराठी घराण्याचा इतिहास पार कोलमडला. काकांना त्याचं काही नाही. ते उजळल्या चेहऱ्याने विचारत होते, "आजोबांचा दुसरा एखादा फोटो आहे का? त्याच दौऱ्यातला?"

मात्र एक साल असं आहे, ज्याच्याबद्दल काका पुरावा मागत नाहीत. लाल किल्ल्याच्या तोंडाशी, जैनांच्या लाल मंदिराशेजारी, गौरीशंकराचं देऊळ आहे. ते आपा गंगाधर नावाच्या मराठा सरदाराने १७६१ मध्ये बांधलं, असं सांगतात. प्रत्येक जुन्या फोटोत काका त्याचं शिखर शोधतात. फोटोच्या कोपऱ्यात झाडामागे एक करडा ठिपका असतो. "दिसलं? आपलं!" मला कधीही दिसलं नाही, पण पुढे पंगतीला बसायचं असल्यामुळे मी दिसलं म्हणते. काकू ग्वाल्हेरच्या. त्या स्वयंपाकघरातून ओरडतात, "आपलं म्हणजे आमचं! शिंद्यांचा माणूस तो. पुण्याचा काय संबंध?" आणि एकदा तर त्यांनी वर्मावरच बोट ठेवलं. "चौदा जानेवारीला पानिपत झालं. मग त्याच एकसष्टात देवळं बांधायला दिल्लीत राहिलं होतं कोण?" घराघरातून तारखा मागणारा हा माणूस यावर म्हणाला, "तू प्रत्येक गोष्टीला तारीख कशाला विचारतेस?"

रंगवलेल्या फोटोंचा त्यांना तिटकारा आहे, पण आता त्याहून मोठं संकट आलंय. मंडळींच्या ग्रुपवर एकाने 'चांदणी चौक, १८५०' असं चित्र टाकलं. सोनेरी ऊन, पालख्या, कालवा, सुंदर फेटेवाले व्यापारी. सगळ्यांनी हात जोडले, कुणी 'काय तो काळ' म्हटलं. काकांनी रात्री साडेअकराला उत्तर लिहिलं: कालव्यावरून विजेच्या तारा गेल्या आहेत, डावीकडच्या हलवायाला सहा बोटं आहेत, हे यंत्राने काढलेलं चित्र आहे. सकाळी तीस लोकांनी त्यांना 'नकारात्मकता पसरवू नका' असं सुनावलं. सहा बोटांच्या हलवायाला बारा बदाम मिळाले होते. काका दोन दिवस ग्रुपमधून बाहेर होते. तिसऱ्या दिवशी कुणीतरी नागपूरच्या सीताबर्डीचा फोटो चुकीच्या सालासह टाकल्याचं कानावर आलं, म्हणून परतले.

त्यांना मी गप्प झालेलं फक्त एका फोटोपुढे पाहिलंय. फेलिचे बेआतो हा फोटोग्राफर १८५८ मध्ये दिल्लीत आला, बंड मोडून काही महिने झाले होते. त्याने काढलेल्या शहराच्या फोटोंच्या प्रती काकांकडे पुस्तकांतून कापून ठेवलेल्या आहेत. त्या फोटोंत रस्ते रिकामे. मी विचारलं, माणसं कुठे गेली? काकांनी आधी नेहमीप्रमाणे तांत्रिक बाजू सांगितली: तेव्हा काच ओली असतानाच फोटो घ्यायचा, उघडझाप काही सेकंदांची, चालता माणूस काचेवर उमटायचाच नाही, फार तर धुरासारखा डाग. मग जरा थांबून म्हणाले, "पण इथे डागही नाहीत. सप्टेंबर सत्तावन्नात इंग्रजांनी सगळं शहर बाहेर काढलं होतं. हिंदूंना पुढच्या वर्षी हळूहळू आत येऊ दिलं, मुसलमानांना त्याहून उशिरा. याच्या कॅमेऱ्यासमोरून चालायला कुणी उरलंच नव्हतं." रजिस्टरात या फोटोंसमोर सगळ्या रकान्यांत आडवी रेघ आहे. शेऱ्याच्या रकान्यात काही नाही. मीही तिथे काही बोलले नाही. पण पुढच्या क्षणाला काकूंनी हाक मारली, की खालच्या टाकीत पाणी आलंय, मोटर लावा, आणि दिल्लीचं वर्तमान त्या खोलीत शिरलं.

वर्तमानाशी काकांचं तेवढंच. ज्या मुनिरक्यात त्यांचं निम्मं आयुष्य गेलं, त्याचा एकही फोटो त्यांच्याकडे नाही. खाली बाबा गंगनाथ मार्ग आहे, पलीकडे आउटर रिंग रोड आहे. तिथे बघता बघता उड्डाणपूल आले, खोदकामं झाली, २०१८ च्या मे महिन्यात जमिनीखाली मजेंटा लाइनचं मुनिरका स्टेशन सुरू झालं. काकांना विचारावं की स्टेशनच्या आधी त्या कोपऱ्यावर काय होतं, तर ते आठवायचा प्रामाणिक प्रयत्न करतात. "काहीतरी होतं बुवा. बहुतेक बसस्टॉप."

म्हणून माझे घरमालक चौधरीसाहेब एका संध्याकाळी आपला फोटो घेऊन काकांकडे गेले, तेव्हा मी मुद्दाम बरोबर गेले. चौधरी सत्तरीचे, पांढराशुभ्र कुर्ता, हुक्क्याचा खोकला. फोटो चहाच्या डागांचा, चारी कोपरे खाल्लेला. उघडं माळरान, किकरीची झुडपं, एक म्हैस, म्हशीवर एक पोरगा. चौधरींना कोर्टात दाखवायला साल हवं होतं. जमिनीच्या वाढीव मुआवज्याचा दावा त्यांच्या वडिलांनी लावलेला, तो अजून चालू. कुणी म्हणालं, डीडीए फ्लॅटमध्ये एक मराठी बाबूजी फोटो बघून साल सांगतात.

काकांनी भिंग घेतलं. पाच मिनिटं शांतता. मी मनातल्या मनात रकाने भरत होते आणि सगळीकडे रेघाच येत होत्या. शेवटी काकांनी हिंमत केली. "मागे आर. के. पुरमची क्वार्टर्स दिसत नाहीत. म्हणजे साठच्या आधीचा."

"बाबूजी," चौधरी म्हणाले, "आर. के. पुरम तो पीठ पीछे है। मुंह तो उधर है, जेएनयू की तरफ।"

काकांनी फोटो उलटा केला, सुलटा केला. "मग जेएनयूच्या आधीचा. एकोणसत्तरच्या आधीचा."

"जेएनयू तो उधर बाद में आई। पहले तो कागज में ही रही।" चौधरींनी बोट म्हशीवर ठेवलं. "इसनै देखो। एक सींग टूटा। या म्हारी भूरी सै। रोहतक के मेले तै आई थी। जिस साल जमीन के पैसे मिले, उसी साल।"

"पैसे कुठल्या साली मिळाले?"

"वही तो कोर्ट पूछ रहा है।"

काकांच्या कारकिर्दीत त्यांच्यासमोर प्रथमच असा माणूस बसला होता, जो घंटाघराशिवाय फोटो वाचत होता. चौधरी सांगत गेले. म्हशीची गळ्यातली घंटी पितळेची, म्हणजे मोठ्या काकाच्या लग्नानंतरची. पोरगा ते स्वतः, आणि डोक्यावर केस नाहीत म्हणजे आजोबा गेले त्याच महिन्यातला. किकर फुलावर, म्हणजे पावसाच्या आगेमागे. महिना निघाला, पंधरवडा निघाला, वार निघायच्या बेतात आला. फक्त साल निघेना. काका भारावून लिहून घेत होते. रजिस्टरात त्या संध्याकाळी 'म्हैस' हा नवा रकाना आखला गेला, आणि जागा पुरेना म्हणून 'हत्ती'ची रुंदी अर्धी झाली.

पुढच्या पेशीला काका चौधरींबरोबर तीस हजारीला गेले. मीही गेले; दोन वयस्कर माणसं, त्यातला एक स्टेशनच्या प्रत्येक पाटीसमोर थांबणारा. न्यायाधीश रजेवर होते. पुढची तारीख मिळाली. मग काकांनी कश्मीरी गेटमार्गे सगळ्यांना चांदणी चौकात उतरवलं, कारण इतक्या जवळ येऊन तिथे न जाणं त्यांना अशक्यच. २०२१ पासून रस्त्याचा मोठा भाग दिवसा मोटारींना बंद आहे, तांबड्या दगडाची फरशी आहे, आणि त्यामुळे फोटोग्राफर जिथे उभा होता तिथे मरणाच्या भीतीशिवाय उभं राहता येतं. अर्थात सायकलरिक्षावाल्यांना हे कुणी सांगितलेलं नाही. काका टाउन हॉलसमोर मधोमध उभे राहिले, हातात पोस्टकार्ड, एक डोळा मिटलेला. एक पहारेकरी येऊन विचारून गेला की साहेबांना चक्कर येतेय का.

"हे बघा चौधरीसाब, यहां हौज था। उस हौज के ऊपर घंटाघर। यहां से ट्राम मुड़ती थी। ये झाड़ों की कतार। वहां ऊपर से बम गिरा, और हाथी इधर।" काका अर्धा तास हवेत बोट फिरवत होते. लेहंग्याच्या पिशव्या घेतलेल्या बायका त्यांच्या हौदातून आरपार जात होत्या. चौधरी लक्ष देऊन बघत होते, बोट जाईल तिकडे मान वळवत. शेवटी त्यांनी कुर्त्याची बाही सारखी केली.

"बाबूजी, बुरा ना मानियो। तन्नै जो जो दिखाया, उसमैं तै एक बी चीज ना सै।"

काकांचा चेहरा फुलला. "बरोबर! एकदम सही देखा आपने!" दिल्लीत इतक्या वर्षांत इतकं नीट बघणारा माणूस त्यांना भेटला नव्हता.

दरीब्याच्या कोपऱ्यावर जलेबी खाल्ली. पैसे चौधरींनी दिले, कुणाला देऊ दिले नाहीत, आणि बोटं चाटत जाहीर केलं की वाढीव रक्कम हातात आली की पुन्हा एक म्हैस घेणार, ठेवायला जागा नसली तरी, गच्चीवर बांधेन म्हणाले. त्या गच्चीखाली माझी खोली होती. मी काकांकडे बघितलं, की आता तरी ते माझ्या बाजूने काहीतरी बोलतील.

"जरूर लीजिए," काका म्हणाले. "बस फोटो के पीछे तारीख डाल दीजिएगा। पूरी. साल के साथ."